संध्याकाळच्या उजेडापुरता कॅमेरा

आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलेलं, एक डोळा बारीक. हे मला आठवतंय म्हणून सांगता येतंय, फोटोत यातलं काही दिसत नाही. फोटोत एक पिवळट डाग आहे आणि त्याच्या मधोमध दुसरा, जरा फिकट डाग. तो हात असावा.

हा फोटो मी दारातून काढला होता. जवळ गेले असते तर तिने मान वर करून ठरलेलं वाक्य म्हटलं असतं, “थांब, दिवा लावते.” आमच्या घरात कॅमेरा दिसला की कुणीतरी दिवा लावायला उठतंच. दिवा लागतो, केस सारखे होतात, सगळे ताठ बसतात आणि जे टिपायचं होतं ते तोवर निघून गेलेलं असतं. म्हणून दारातच थांबले, झूम ओढला आणि बटण दाबलं. कॅमेरा नवा कोरा होता. तीसपट झूम. हा आकडा खोक्यावर कॅमेऱ्याच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरांत छापलेला होता आणि मी तो कॅमेरा घेतला होता त्याच आकड्यासाठी.

पुढे दोनएक वर्षं मी दोष माझ्या हाताला देत राहिले. कारण प्रवासातले फोटो छान यायचे. लख्ख उन्हातला समुद्र, कड्यावरून दिसणारी दरी, लांबच्या तारेवर बसलेला खंड्या. म्हणजे कॅमेरा चांगलाच होता, घरात आलं की माझंच काहीतरी बिघडत होतं.

दुसरा कॅमेरा घ्यायचं मनात आलं तेव्हा तोच घोळ पुन्हा नको म्हणून मी एक उलटं काम केलं. तक्ते आणि तुलनेचे व्हिडिओ बघायच्या आधी माझेच फसलेले फोटो गोळा केले. फोटो पुसून टाकायचा मला कंटाळा आहे, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. दोनशेच्या वर निघाले. बहुतेक घरातले, आणि उरलेले प्रवासातलेच पण छपराखालचे: संग्रहालय, स्टेशनचं प्रतीक्षालय, मुक्कामाची खोली, रात्रीचा बाजार.

डिजिटल फोटोच्या पोटात त्याची कुंडली लिहिलेली असते. तिला एक्झिफ म्हणतात. शटर किती वेळ उघडं होतं, लेन्सचं छिद्र केवढं होतं, आयएसओ किती (म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्याने किती फुगवला), झूम कुठवर ओढलेला, सगळं त्यात असतं. आईच्या फोटोची कुंडली निघाली ती अशी: १/८ सेकंद, एफ/५.९, आयएसओ ८००. सेकंदाचा आठवा भाग ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात ओवणारा हात एकदा हुकून परत येतो आणि दाराला टेकलेली मी श्वास सोडते. डाग तयार होतो तो असा.

मग एफ/५.९ कडे नजर गेली. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. हे उलटं गणित अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला. त्या कॅमेऱ्याची लेन्स झूम न ओढता एफ/३.३ ला उघडायची आणि ओढत गेलं की आकसत एफ/५.९ वर यायची. आत येणारा उजेड या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे झूम ओढताच तो एक तृतीयांशाहूनही कमी उरला. पाचसहा पावलं चालायची टाळली आणि त्यापायी आधीच मिणमिणत्या खोलीतला दोन तृतीयांश उजेड मी घालवून बसले.

तेव्हापासून फसलेला फोटो बघायची नजरच बदलली. नुसता ‘हलला’ म्हणून भागत नाही, काय हललं ते बघावं लागतं. मागचं कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर, समोरचा माणूस असं सगळंच एका दिशेला ओघळलेलं असेल तर हात आपला. कपाट कोरीव आणि माणूस तेवढा विरघळलेला असेल तर हलला तो. कपाट स्पष्ट, माणूस स्थिर तरी धूसर, तर फोकस भलतीकडे बसलाय. आणि सगळं जागच्या जागी असून चेहऱ्यावर जलरंगाचा ओला हात फिरल्यासारखं वाटत असेल, तर उजेड कमी पडला, कॅमेऱ्याने आयएसओ चढवला, त्याने आलेले दाणे पुसायला गेला आणि दाण्यांबरोबर भुवयाही पुसून आला.

हा भेद महत्त्वाचा, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. ‘स्टॅबिलायझेशन’ या शब्दावर मी भाळणारच होते. लेन्समधली काचेची भिंगं किंवा खुद्द सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, हाताच्या थरथरीच्या उलट दिशेने सरकवायची ही युक्ती खरोखर अफाट आहे. स्थिर वस्तूचा फोटो त्यामुळे अर्ध्या सेकंदालाही हातात धरून निघू शकतो. मात्र ती सावरते आपला हात. समोरचं मूल धावत असेल, आजोबा हसून मागे रेलत असतील, सुई हुकत असेल, तर त्याला सावरायला कुठलीही मोटर नाही. तिथे शटरच लवकर मिटायला हवं, बसून बोलणाऱ्या माणसासाठी १/१२५ च्या आसपास आणि खेळणाऱ्या मुलासाठी १/२५० किंवा त्याहून वेगाने. माझ्या ढिगाऱ्यात निम्म्याहून जास्त फोटो या दुसऱ्या जातीचे होते. मी स्टॅबिलायझेशनवर पैसे ओतले असते आणि आजोबा तसेच विरघळत राहिले असते.

उजेड कमी होता हे त्या वेळी कळत कसं नाही, याचंही मला नवल वाटायचं. दोष डोळ्यांचा, खरं तर त्यांच्या चांगुलपणाचा. भर दुपारच्या उन्हात उजेड १ लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) घरात असतो आणि संध्याकाळी दिवा लावलेल्या बैठकीच्या खोलीत जेमतेम शंभरएक लक्स. हजारपटीचा फरक. बाहेरून घरात आलो तर क्षणभर अंधारल्यासारखं होतं, मग बाहुली मोठी होते, डोळ्यातला पडदा सरावतो आणि खोली ‘छान उजेडाची’ वाटू लागते. कॅमेऱ्याला असला सराव नसतो. त्याच्या हातात तीनच गोष्टी: छिद्र मोठं करणं, शटर जास्त वेळ उघडं ठेवणं, नाहीतर आयएसओ चढवून मिळालेल्या तुटपुंज्या उजेडाला फुगवणं. तिन्हींची किंमत फोटोतच वसूल होते.

चौथी गोष्ट कॅमेरा घेतानाच ठरून जाते, ती म्हणजे सेन्सरचा आकार. पावसात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, थेंब तेच, पण गोळा होणारं पाणी वेगळं. माझ्या तीसपटवाल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा होता, करंगळीच्या नखाहून लहान. क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. तीसपट झूम असूनही तो कॅमेरा हातात मावायचा याचं गुपित हेच, सेन्सर इवलासा म्हणून लेन्सही आटोपशीर. एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ चा असतो, म्हणजे जवळजवळ तेरापट. ‘फुल फ्रेम’ ३६ बाय २४. हे माप ऑस्कर बार्नाक या जर्मन माणसाची देणगी. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी सरकवून, सिनेमाच्या दोन चौकटींची मिळून एक चौकट करणारा छोटा कॅमेरा त्याने बनवला आणि १९२५ मध्ये तो लायका म्हणून बाजारात आला. फिल्म गेली, चौकट राहिली.

या मापांत सगळ्यात लबाड नाव ‘एक इंची सेन्सर’चं. त्यात इंचभर असं काहीच नसतं, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. पूर्वीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची आणि नळीच्या बाहेरच्या व्यासावरून तिचं माप सांगत. प्रत्यक्ष चित्र उमटायची जागा त्याहून बरीच लहान. नळ्या कधीच्या हद्दपार झाल्या तरी त्यांची मापं अजून खोक्यांवर छापून येतात. अर्थात लबाड नावाचा सेन्सर वाईट असतो असं नाही. सोनीचा आरएक्स१०० २०१२ मध्ये आला तेव्हा खिशात मावणाऱ्या २४० ग्रॅममध्ये एवढा सेन्सर बसवणं ही मोठी बातमी होती. मी त्या घराण्यातला कॅमेरा घ्यायच्या अगदी काठावर होते. फक्त लेन्सवरचे आकडे नीट वाचले: एफ/१.८-४.९. पहिला आकडा झूम न ओढता, दुसरा पूर्ण ओढल्यावर. जाहिरातीत बोलबाला पहिल्याचा आणि बोट जातं दुसऱ्याकडे. निदान माझं तरी जातं, दाराचा अनुभव होता.

मेगापिक्सेलवर मी फार वेळ घालवला नाही. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात १०० गुणिले १०० ठिपके होते, वजन साडेतीन किलोच्या पुढे, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायची. तिथून २ किंवा ५ मेगापिक्सेलपर्यंत प्रत्येक पायरी मोलाची होती. आज आपण फोटो ज्या पडद्यावर बघतो तो फोर-के असला तरी जेमतेम ८ मेगापिक्सेल दाखवतो. २४ आणि ४० मधला फरक मला दिसणार नाही, फक्त साठवायला जागा जास्त लागेल.

एका मैत्रिणीने तिचा कॅमेरा आठवडाभर वापरायला दिला. एपीएस-सी सेन्सर, ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स. (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा जितका मोठा तितका चित्राचा कोन अरुंद.) सगळे तज्ज्ञ हीच लेन्स घ्या म्हणतात, स्वस्तात भरपूर उजेड. पहिल्या संध्याकाळी मी हरखले. दुसऱ्या संध्याकाळी घरात माणसं जमली आणि चौकटीत तिघं बसवायला मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. भिंतीच्या पलीकडे काही जाता येईना. ५० मिलिमीटरची लेन्स बार्नाकच्या चौकटीवर सहज दिसते, पण लहान सेन्सर तिच्या चित्राचा मधलाच भाग उचलतो आणि ती ७५ सारखी वागते. एका चेहऱ्याला सुंदर, खोलीला अरुंद. घरातल्या फोटोंसाठी मोठं छिद्र हवं तसा रुंद कोनही हवा, हे मला भिंतीने शिकवलं. मग जुन्या फोटोंच्या कुंडल्या पुन्हा काढल्या. प्रवासातसुद्धा मी बहुतेक वेळा झूम न ओढताच फोटो काढले होते, नाहीतर अगदी थोडा ओढून. तीसपट कधी लागला? चंद्र, खंड्या, लांबच्या गलबतावरचं नाव. चंद्राचे एकसारखे अकरा फोटो आहेत माझ्याकडे. चंद्र कुठे पळून जाणार होता कोण जाणे.

फ्लॅशबद्दल काय लिहू? कॅमेऱ्यावरचा चिमुकला फ्लॅश मला आवडत नाही आणि माझ्यापाशी कारणंही आहेत. तो लेन्सला इतका चिकटून असतो की त्याचा उजेड डोळ्यांच्या मागच्या रक्ताळ पडद्यावरून थेट लेन्समध्ये परततो आणि आजी लाल डोळ्यांची होते. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे पुढचा माणूस चुन्यासारखा पांढरा आणि मागचे अंधारात. वेगळा फ्लॅश छताकडे तोंड करून उडवला तर छतच मोठा दिवा होतं, ते छान दिसतं. पण पुन्हा प्रश्न तोच. लखकन उजेड झाला की सगळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि सुई बाजूला पडते.

फोन आहे ना, हे वाक्य मी या काळात घरी रोज ऐकलं. ते चुकीचं नाही. जगभरात डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री २०१० मध्ये १२ कोटींवर होती, ती २०२० मध्ये १ कोटीच्याही खाली आली, आणि लोक काही वेडे नाहीत. फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर जुळवून दाणे घालवतो, आणि इवल्या सेन्सरकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम करून घेतो. दिवसाउजेडी, स्थिर माणसांच्या बाबतीत मला आजही फोन पुरतो. माझी तक्रार दोन ठिकाणी. एक, हलणारा हात त्या जुळवाजुळवीत नीट बसत नाही. आणि दुसरी जास्त जिव्हाळ्याची: फोन संध्याकाळ खातो. त्याला अंधार म्हणजे चूक वाटते. खिडकीतून येणारा शेवटचा निळसर उजेड, कोपऱ्यातला पिवळा दिवा, मधला काळोख हे सगळं तो एकसारखं करून टाकतो आणि सहा वाजताची खोली दुपारच्या दोनची होते. चेहरा स्वच्छ येतो, वेळ निघून जाते.

प्रवासाच्या बाजूने विचार केला तेव्हा यादी वेगळीच निघाली. पहिलं वजन. फुल फ्रेमचा कॅमेरा आणि त्याची एफ/२.८ ची झूम लेन्स मी हातात घेऊन बघितली, दीड किलोच्या आसपास. मला माझा स्वभाव माहीत आहे, पहिल्या दिवशी गळ्यात, दुसऱ्या दिवशी पिशवीत आणि तिसऱ्या दिवशी मुक्कामावर. दुसरं व्ह्यूफाइंडर. भर उन्हात मागचा पडदा आरशासारखा होतो आणि आपण आपल्याच कपाळाचा फोटो जुळवत बसतो. डोळा लावून बघायची खिडकी हवीच. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हातही कमी हलतो. विमानात जास्तीची बॅटरी सामानात न देता हातातल्या पिशवीत ठेवावी लागते, एवढं लक्षात असलं की पुरे. कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या खूपच आत असतात.

मैत्रिणीच्या कॅमेऱ्यात एक आवाज न करणारं शटर होतं. संग्रहालयात फ्लॅश चालत नाही आणि शांतता असते, म्हणून मी मोठ्या हौसेने ते लावलं. घरी येऊन बघते तर प्रत्येक मूर्तीवर आडवे काळे पट्टे. मला वाटलं कॅमेरा बिघडवून ठेवला. तसं काही नव्हतं. जिथे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो तिथे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मूक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं आणि काही ओळी नेमक्या लुकलुकीच्या अंधाऱ्या क्षणात सापडतात. साधं यांत्रिक शटर लावून वेळ १/१०० किंवा १/५० ठेवली की पट्टे जातात. कॅमेरा परत करताना हे मैत्रिणीला सांगितलं. तिने तीन वर्षांत ते शटर कधी लावलंच नव्हतं.

शेवटी मी जो घेतला तो वापरलेला घेतला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, एपीएस-सी सेन्सर, आणि २३ मिलिमीटरची एफ/२ लेन्स, म्हणजे बार्नाकच्या हिशेबात ३५. झूम नाही. लेन्समधून विजेरीचा उजेड पाडून बुरशी आहे का ते बघितलं, शटर किती वेळा उडालंय ते विचारलं, आणि पहिल्याच संध्याकाळी आयएसओची कमाल मर्यादा ६४०० आणि शटरची किमान मर्यादा १/१२५ लावून टाकली, म्हणजे माझ्या विसरभोळेपणाला वाव नको. दाणे येतात. येऊ देत. दाण्यांतून माणूस ओळखू येतो.

तोटाही लगेच भोगला. पुढच्याच सहलीत समोरच्या डोंगरावर गिधाडं उतरली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, “तू तर नवा कॅमेरा घेतलास!” फोटोत डोंगर सुरेख आला. गिधाडं कुठली आणि लेन्सवरची धूळ कुठली हे मलाही नक्की सांगता येत नाही. जुना तीसपटवाला घरी कपाटात होता आणि त्या दिवशी मला त्याची मनापासून आठवण आली.

घरी आल्यावर मी आईच्या फोटोचं गणित मांडलं होतं. तोच उजेड, पण एफ/५.९ ऐवजी एफ/२ म्हणजे जवळजवळ नऊपट, आणि आयएसओ ८०० ऐवजी ३२०० म्हणजे आणखी चौपट. १/८ चं १/२५० होतं. हुकणारी सुई हवेत थांबवायला एवढं पुरे. अडचण एकच. एवढ्या मोठ्या छिद्राला मीटरभरावरून स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली वीतभरही भरत नाही. म्हणजे सुई तरी नीट दिसेल किंवा बारीक केलेला डोळा तरी. दोन्ही एकदम नाही. मी डोळा ठरवला.

परवा संध्याकाळी आई तशीच खिडकीशी बसली. मांडीवर उसवलेली उशी, दोऱ्याचं रीळ. या वेळी मी दारात थांबले नाही, सरळ तिच्यापाशी जाऊन खाली बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तिने मान वर केली.

“थांब, दिवा लावते.”

“नको आई, आता लागत नाही. तू बस तशीच.”

“तुला लागत नसेल,” ती गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली, “मला नेढं दिसत नाहीये.”